रोजच्या सत्तर किलोमीटरसाठी अडीच लाखांत सेकंड हँड गाडी: कुठली, कुठून, काय बघून?

रानजाई

नमस्कार मंडळी,

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. नाशिकहून दिंडोरीच्या पुढे जाऊन-येऊन रोज साधारण सत्तर किलोमीटर पडतात. इतके दिवस एका सरांच्या गाडीत आम्ही चौघं मिळून जायचो. त्यांची बदली झाली. एसटीचं आणि शाळेच्या वेळेचं जमत नाही, आणि काळी-पिवळीत मागे दुमडून बसायचं माझ्या कंबरेला आता झेपत नाही. म्हणून गाडी घ्यायचं ठरवलंय. बाकीचे तिघं पेट्रोलचा वाटा देतील. गाडी माझ्या नावावर, चालवणार मीच.

बजेट अडीच लाख, फार ताणलं तर पावणेतीन. त्यातच ट्रान्सफर, विमा सगळं. कर्ज नको, घराचा हप्ता चालू आहे.

घरचे म्हणतात डिझेल घे. भाऊ म्हणतो जीएसटी कमी झालाय, नवीच घे. शाळेतले एक सर म्हणतात दिल्लीच्या गाड्या निम्म्या किमतीत मिळतात, त्यांच्या ओळखीचा माणूस आहे. मला गाडी चांगली चालवता येते, पण बॉनेट उघडलं की आत काय आहे ते कळत नाही. चार मोठी माणसं नीट बसली पाहिजेत, बिघडली तर दिंडोरीतला मिस्त्रीसुद्धा दुरुस्त करू शकला पाहिजे, एवढीच अपेक्षा.

टवाळ_टाळकं

वॅगन आर. धागा बंद करा आता, सगळे घरी जा.

लेखाजोखा

टवाळांचं उत्तर बहुतेक बरोबरच निघेल, पण आधी हिशेब मांडू या.

सत्तर किलोमीटर, वर्षाला शाळेचे २२० दिवस धरले तर १५,४०० किमी. पेट्रोल १०५ रुपये आणि चार माणसांसकट ॲव्हरेज १७ धरलं तर वर्षाला ९५ हजार. सीएनजी ९० रुपये किलो आणि किलोला २५ किमी धरले तर ५५ हजार. डिझेल ९२ आणि २० च्या ॲव्हरेजने ७१ हजाराच्या आसपास. म्हणजे पेट्रोल आणि सीएनजीत वर्षाला ४० हजारांचा फरक आहे. हा वापर ‘कधीतरी गावाला जायला’ वाला नाही, त्यामुळे इंधन आधी ठरवा, मॉडेल मागाहून.

भावाचं म्हणणं अगदीच उडवून लावू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी १८ टक्के झाला, तेव्हा अल्टो के१० ची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत ३.७० लाखांवर आली. रस्त्यावर येईपर्यंत त्यात आणखी पडतात आणि तुम्हाला कर्ज नको आहे, त्यामुळे तुमच्यासाठी तो पर्याय नाही. पण सौदा करताना हा आकडा खिशात ठेवा. २०२१-२२ ची अल्टो सव्वातीन लाखांना दाखवणारे विक्रेते अजूनही जुन्या भावाच्या तंद्रीत आहेत. नव्याची किंमत उतरली की जुन्याची उतरायलाच हवी, हे त्यांना तोंडावर सांगायला लाजू नका.

आणि गाडीवर सगळे अडीच लाख घालू नका. दोन-दहा, दोन-वीसपर्यंतची बघा. उरलेले टायर, बॅटरी, पहिली सर्व्हिस, विमा आणि ट्रान्सफर यांत जातात. जातातच.

घाटवाट

सीएनजीवाला बोलतो. कंपनी फिटेड असेल तरच घ्या. बाहेरून बसवलेलं किट असेल तर आरसीवर सीएनजीची नोंद आहे का ते बघा. नोंद नसेल तर विमा कंपनी क्लेमच्या वेळी बरोबर तेवढंच बोट ठेवते. टाकीवर एक पत्र्याची पट्टी असते, त्यावर हायड्रो टेस्टची, म्हणजे पाण्याच्या दाबाने टाकी तपासल्याची, तारीख. ही टेस्ट दर तीन वर्षांनी लागते. तारीख उलटून गेली असेल तर खर्च आणि टाकी उतरवण्या-चढवण्याचा वेळ तुमच्या माथी.

दुसरं, डिकी विसरा. चार शिक्षकांचे डबे, पिशव्या आणि तपासायच्या वह्यांचे गठ्ठे मांडीवर येतील.

तिसरं म्हणजे रांग. सकाळी शाळेच्या वेळेला पंपावर रांगेत उभं राहायचं नसेल तर रात्री जेवण झाल्यावर भरून यायची सवय लावा. चार माणसं बसल्यावर चढाला गाडी दमते, पण दिंडोरी रोडला घाट नाही, त्यामुळे तुमचं निभेल. तीच माणसं घेऊन सापुताऱ्याला निघालात तर चढ लागायच्या आधी पेट्रोलवर टाका.

जुना_पाना

ताई, घरच्यांनी डिझेल सुचवलंय तर त्याबद्दल आधी सांगतो. त्यांचं चुकीचं नाही, फक्त काळ थोडा पुढे गेलाय.

मारुतीने एप्रिल २०२० मध्ये बीएस-६, म्हणजे प्रदूषणाचे कडक नियम, आले तेव्हा डिझेल बंद केलं. स्विफ्ट, डिझायर, रिट्झमध्ये जे १.३ लिटरचं डिझेल इंजिन होतं ते मुळात फियाटचं. टाटाच्या इंडिका व्हिस्टातही तेच, आणि त्यातली बरीच इंजिनं आपल्या रांजणगावात बनली. इंजिन दमदार आहे, पण तुमच्या बजेटमध्ये ज्या मिळतील त्या दीड-दोन लाख किमी पळालेल्या असतील. टर्बो, इंजेक्टर, क्लच यांतलं एक जरी निघालं तरी तुमचं वर्षाचं वाचलेलं इंधन एका बिलात जाईल. बीएस-६ डिझेल छोट्या फेऱ्यांना वाईट, त्यातलं डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, चोक होतं. तुमची फेरी तशी छोटी नाही, पण त्या गाड्या तुमच्या बजेटातही नाहीत.

नाशिककर म्हणून एक नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. महिंद्राची व्हेरिटो, आधीची लोगन. आपल्याच गावात बनायची. १.५ चं रेनोचं डिझेल, टॅक्सीवाल्यांनी चार-चार लाख किमी ओढलेली मी पाहिली आहे. मागच्या सीटवर तीन शिक्षक मांडी घालून बसतील. दीड-पावणेदोन लाखांत मिळते कारण दिसायला डबा आहे. पण घेऊ नका! टॅक्सीत न वापरलेली सापडणं अवघड, आणि आता काचेपासून दिव्यापर्यंत सुटे भाग शोधत फिरावं लागतं. तुमची दिंडोरीच्या मिस्त्रीची अट तिथेच मोडते.

याच कारणासाठी शेवरोले, डॅटसन, फोर्ड या तिन्ही रांगा सोडून द्या. शेवरोलेने २०१७ च्या शेवटी इथली विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये कारखाने बंद करायचं जाहीर केलं, डॅटसन २०२२ मध्ये गेली. गाड्या वाईट नव्हत्या. फिगो चालवायला आजही वॅगन आरपेक्षा कितीतरी सरस वाटते. पण रोजच्या नोकरीच्या गाडीला एका सेन्सरसाठी आठवडाभर गॅरेजमध्ये उभं राहणं परवडत नाही.

उरल्या वॅगन आर, सेलेरियो, अल्टो के१०, जुनी आय१०, टियागो, होंडा ब्रिओ. यांतून निवडा. आय१० घेणार असाल तर १.१ आणि १.२ मधला फरक लक्षात ठेवा. १.१ ला टायमिंग बेल्ट आहे. शेवटचा कधी बदलला याचं बिल नसेल तर घेतल्या घेतल्या बदलायचा. तो तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात. १.२ ला चेन आहे, ती कटकट नाही.

चहाबिस्कुट

सगळे पैशांचंच बोलताय, सुरक्षिततेचं कुणी बोलणार का? चार माणसं, रोज हायवे, ट्रॅक्टर-ट्रॉल्या.

१ जुलै २०१९ पासून प्रत्येक गाडीत ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) त्याच वर्षी एप्रिलपासून. त्याआधीच्या गाड्यांच्या खालच्या आणि मधल्या व्हेरिएंटमध्ये यातलं बहुधा काहीच नसतं. २०१५ ची वॅगन आर घेताना लोक पॉवर विंडो आहे का विचारतात, एबीएस आहे का विचारत नाहीत.

माझं मत टियागोला. जानेवारी २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत तिला पाचपैकी चार तारे मिळाले. २०१९ च्या वॅगन आरला दोन. पत्रा जड आहे, दार लावताना आवाजातच कळतं.

जुना_पाना

दाराच्या आवाजावरून सुरक्षितता ठरत नाही, ताई. :) पण तारे खरे आहेत. फक्त चाचणीतल्या त्या टियागोला दोन एअरबॅग होत्या. अडीच लाखांत जी २०१६-१७ ची बेस टियागो मिळेल तिच्यात एकही नसेल. त्यामुळे ‘टियागो’ असं न म्हणता ‘एअरबॅगवाली टियागो’ म्हणा, आणि मग ती पावणेतीनच्या वर जाते. एबीएसबद्दल मात्र पूर्ण सहमत. पावसात ओल्या डांबरावर एबीएस नसलेल्या गाडीत करकचून ब्रेक दाबून बघितलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

पलीकडचा

इकडे न्यू जर्सीत गाडीचा व्हीआयएन नंबर टाकला की अपघात, मालक, मायलेज सगळा इतिहास काही डॉलरांत समोर येतो. भारतात असं काही नाही का?

कागदीघोडा

एका जागी नाही, तुकड्यातुकड्यांत आहे. वाहन पोर्टलवर किंवा एम-परिवहन ॲपवर गाडी नंबर टाका: नोंदणीची तारीख, कितवा मालक, विमा कधीपर्यंत, पीयूसी, बँकेचा बोजा आहे की नाही, सगळं दिसतं. महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलन साइटवर थकलेले दंड. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधला रेकॉर्ड. मालकाला सोबत घेऊन काउंटरवर गेलात तर प्रत्येक सर्व्हिसची तारीख आणि त्या वेळचं मीटर रीडिंग मिळतं. मीटर मागे फिरवलेलं तिथेच पकडलं जातं. मालक यायला टाळाटाळ करत असेल तर मग...

दिल्लीच्या गाड्यांबद्दल. त्या स्वस्त आहेत कारण तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचं घोंगडं एनजीटीच्या (राष्ट्रीय हरित लवादाच्या) २०१५ च्या आदेशापासून भिजत पडलंय, आणि तिथला मालक वेळेत हात झटकायला बघतो. पण स्वस्ताई तिथेच संपते. मूळ आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), म्हणजे फॉर्म २८, लागते. मग महाराष्ट्रात नव्याने नोंदणी आणि इथला रोड टॅक्स. पेट्रोल गाडीला किमतीच्या ११ टक्क्यांनी तो लागतो, वयाप्रमाणे काही सूट धरून. दिल्लीत भरलेल्या टॅक्सचा परतावा दिल्लीच्या मूळ मालकाच्या मागे लागून मिळवायचा. मिळालेला माणूस भेटला तर त्याचा फोटो इथे टाका, हार घालू. शिवाय गाडी तिथून इथे चालवत आणणार कोण, ट्रेलरचं भाडं देणार कोण. तुमच्या सरांच्या ‘ओळखीच्या माणसाला’ नमस्कार सांगा आणि नाशिकच्या एमएच-१५ पासिंगचीच बघा.

अजून एक. २०१२ च्या आधीची बघू नका. पंधरा वर्षं झाली की आरसीचं नूतनीकरण, आरटीओत गाडी नेऊन फिटनेस तपासणी, पर्यावरण कर, आणि एप्रिल २०२२ पासून कारच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० झाली आहे.

गोदाकाठ

पुरातल्या गाड्यांचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

नाशकात पूर किती आला हे आपण गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतो, पण गोदाकाठच्या पार्किंगमधल्या गाड्या तो बुडायच्या कितीतरी आधी बुडालेल्या असतात. आणि आपल्या गावच्या गाड्यांपेक्षा बाहेरच्यांची भीती जास्त. २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा पूर, जुलै २०२१ चं चिपळूण. विमा कंपनीने टोटल लॉस केलेली गाडी लिलावात जाते, कुणीतरी वाळवून-पुसून दोन जिल्हे सोडून विकतो. इथल्या बाजारात एमएच-०९, एमएच-१०, एमएच-०८ पासिंगची गाडी फारच चकाचक आणि फारच स्वस्त दिसली तर दोनदा बघा.

कसं बघायचं? सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, अगदी पट्टा संपेपर्यंत. वरचा भाग धुतलेला असतो, गुंडाळलेल्या भागावर चिखलाची तांबूस रेघ राहते. सीटच्या खाली वाकून सरकपट्ट्यांचे नट-बोल्ट बघा, तिथे गंज नको. स्टेपनीच्या खड्ड्यातला गालिचा उचला. आणि काचा बंद करून एसी न लावता पाच मिनिटं आत बसा. कुबट वास अत्तराने झाकत नाही. डॅशबोर्डवर दोन-दोन अत्तराच्या बाटल्या दिसल्या तर संशय घ्याच.

टवाळ_टाळकं

आमच्या गाडीत दोन अत्तरं आहेत. पुरात नव्हती, मी रोज बसतो म्हणून.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार! इतकं कुणी घरचंही सांगत नाही. या आठवड्यात काही गाड्या बघून आले, त्यातल्या दोनांबद्दल विचारते.

पहिली: मुंबई नाक्याजवळच्या एका डीलरकडे २०१७ ची सेलेरियो व्हीएक्सआय, पेट्रोल. ‘फर्स्ट ओनर, ४१ हजार रनिंग, लेडी ड्रिव्हन’. दोन ऐंशी सांगितले. पांढरीशुभ्र, आतून नवी वाटते.

दुसरी: बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांची २०१४ ची वॅगन आर एलएक्सआय, कंपनी सीएनजी. ९२ हजार किमी. दोन पस्तीस. दोन्ही बंपर खरवडलेले आहेत, डाव्या दाराला लांबलचक ओरखडा, सीट कव्हर विटलेलं. पण त्यांनी एक फाइल काढून दाखवली, तिच्यात प्रत्येक सर्व्हिसचं बिल तारखेप्रमाणे लावलेलं. बॅटरीच्या वॉरंटीचं कार्डसुद्धा.

मन सेलेरियोवर जातंय.

जुना_पाना

सेलेरियोच्या चारही टायरच्या बाजूवर लांबट गोलात चार आकडे असतात. ते वाचून इथे टाका. उदाहरणार्थ २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. आणि ब्रेकच्या पेडलवरचं रबर कसं आहे ते सांगा.

रानजाई

दोन टायर २०२२ चे, दोन २०२४ चे. ब्रेकचं रबर उजव्या कडेला गुळगुळीत झालंय, क्लचचं तर कोरं नवं आहे, ब्रेकपेक्षा वेगळं दिसतं.

जुना_पाना

४१ हजार किमीत मूळचे चारही टायर बदलले गेले? रबराचं वय झालं म्हणून कुणी बदलतं, अगदीच अशक्य नाही. पण क्लचचं रबर मुद्दाम नवं बसवलंय आणि ब्रेकचं राहून गेलंय. सर्व्हिस सेंटरचा रेकॉर्ड काढा.

रानजाई

काढला. डीलर म्हणाला ‘मॅडम, एवढं कुणी बघत नाही’, पण मग सेंटरला नोंदणी नंबर देऊन विचारलंच. मे २०२२ च्या सर्व्हिसला मीटर ८३,००० लिहिलंय.

टवाळ_टाळकं

लेडीने उलट्या गिअरमध्ये ड्राइव्ह केली असेल.

लेखाजोखा

यात एक गोष्ट लक्षात घ्या. ८३ हजारांच्या पुढे चाललेली सेलेरियो म्हणून ती गाडी वाईट नाही, के१० इंजिन दीड लाख आरामात जातं. योग्य भावात मिळाली असती तर मीच घ्या म्हटलं असतं. पण जो मीटर फिरवतो तो अजून काय काय फिरवतो हे शोधायला तुमच्याकडे वेळ नाही. डीलरच्या नफ्यावर जानेवारी २०२५ पासून १८ टक्के जीएसटी आहे, तोही शेवटी तुमच्याच किमतीत बसतो. काकांकडून थेट घेतलीत तर ते काही नाही.

घाटवाट

खरवडलेल्या बंपरला घाबरू नका. उलट बरंय, रंगवलेला नाही म्हणजे लपवलेलं नाही. टाकीची टेस्ट बघा.

चहाबिस्कुट

२०१४ ची एलएक्सआय. एअरबॅग नाही, एबीएस नाही. सर्वांनी मिळून ताईंना तिथेच ढकललं. मी माझं मत नोंदवून ठेवते.

जुना_पाना

चहाबिस्कुट, तुमचं मत रास्त आहे आणि या बजेटमध्ये त्याला चांगलं उत्तर नाही, हे मान्य. एअरबॅग हवीच असेल तर दुसरा रस्ता म्हणजे जुलै २०१९ नंतरची अल्टो ८००. पण तिच्यात मागे दोन मोठी माणसं रोज सत्तर किलोमीटर कशी बसणार? ताईंनी ठरवावं. वॅगन आर घेतलीच तर टायर चांगले घाला, मागच्यांनाही बेल्ट लावायला लावा, आणि ऐंशीच्या वर नेऊ नका.

आता काकांच्या गाडीकडे परत जाल तेव्हा हे करा. सकाळी जा, आणि येतोय म्हणून सांगताना ‘गाडी चालू करून ठेवू नका’ असं सांगा. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गार हवं. गरम असेल तर गार स्टार्टला काहीतरी लपवायचंय. चालू केल्यावर सीएनजी गाडी आधी पेट्रोलवर उठते आणि थोड्या वेळाने गॅसवर जाते, ते बदलताना धक्का बसतो का ते बघा. मग गाडी चालू असतानाच इंजिन ऑइलचं झाकण उघडा. आतून वाफेचे फुसके जोरात यायला लागले, झाकण उडायला लागलं तर पिस्टनच्या रिंग गेल्यात, म्हणजे इंजिन झिजलंय. झाकणाच्या आतल्या बाजूला सायीसारखं पांढरं दिसलं तर ऑइलमध्ये पाणी जातंय, तिथूनच घरी या. कूलंटच्या बाटलीत हिरवं किंवा लाल पाणी हवं. गंजासारखं तपकिरी गढूळ असेल तर कुणीतरी नळाचं पाणी भरत आलंय.

कुणाला तरी ॲक्सिलरेटर दाबायला बसवा आणि स्वतः सायलेन्सरच्या मागे उभ्या राहा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. सकाळी थोडी पांढरी वाफ चालते.

मग अपघाताचं. बॉनेट उघडल्यावर समोर रेडिएटरच्या वरून आडवा पत्रा जातो, त्यावर ठरावीक अंतरावर छोटे गोल खळगे दिसतील. ते कंपनीचे स्पॉट वेल्ड. खळगे नसतील किंवा वेडेवाकडे असतील तर तो पत्रा बदललाय, म्हणजे समोरून चांगलीच ठोकर बसलीय. बॉनेटच्या बिजागऱ्यांचे बोल्ट बघा, त्यांच्या कोपऱ्यांवरचा रंग उडालेला असेल तर पाना लागलेला आहे. दाराचं काळं रबर हाताने ओढलं की निघतं. त्याखालीही तसेच खळगे एका रेषेत हवेत. दारावर पातळ रुमाल ठेवून फ्रिजचं मॅग्नेट लावत जा, जिथे पकडत नाही तिथे आत पुट्टी आहे. काकांच्या ओरखड्याजवळ नक्की पकडेल, बघा.

चालवताना रेडिओ बंद. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा, टक-टक-टक आवाज आला तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट. मोकळ्या सरळ रस्त्यावर स्टिअरिंग क्षणभर सैल सोडा, एका बाजूला ओढते का बघा. उभी असताना हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडा. लगेच बंद पडली तर क्लच शाबूत, घुरघुरत चालूच राहिली तर क्लच बसलाय. खड्ड्यात खट आवाज येईल तो बहुधा सस्पेन्शनमधला लिंक रॉड नाही तर लोअर आर्मचे बुश असतील, ते किरकोळ. एसी लावून गाडी पंधरा मिनिटं उभी ठेवा आणि टेंपरेचर बघा, पंखा लागतो का ते ऐका.

एवढं सगळं करून तुम्हाला पटली तर मग शेवटी तुमच्या भरवशाच्या मिस्त्रीला पाचशे-हजार देऊन लिफ्टवर चढवून बघा. मिस्त्री तुमचा हवा, विकणाऱ्याने सुचवलेला नको.

कागदीघोडा

पटल्यावर माझं काम सुरू. टोकन दहा हजारांच्या वर देऊ नका आणि ‘कागद न निघाल्यास परत’ असं लिहून घ्या. काकांनी कधी कर्ज काढलं होतं का? आरसीवर बँकेचा बोजा दिसत असेल तर बँकेचं एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन तो आधी उतरवून घ्या. कर्ज फिटलं तरी बोजा उतरवायचं लोकांच्या लक्षातच राहत नाही. निवृत्त बँकवालेसुद्धा विसरतात.

मग फॉर्म २९ आणि ३०, दोघांच्या सह्या, विक्रीचा करार. करार करायचा तर ऑक्टोबर २०२४ पासून शंभरचा स्टॅम्प चालत नाही, पाचशेचा घ्या. विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. गाडीचा ताबा घेताना तारीख आणि वेळ दोन्ही लिहा, त्या वेळेपर्यंतचे दंड त्यांचे, पुढचे तुमचे.

काकांनाही एक सांगा, ते ट्रान्सफरसाठी स्वतः धावपळ करतील. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्या गळ्यात. गाडी मधे कितीही हात फिरलेली असो.

विम्याचं लोक हमखास विसरतात. १४ दिवसांत पॉलिसी स्वतःच्या नावावर करण्यासाठी अर्ज करा. थर्ड पार्टी आपोआप चालू राहतो, पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाव बदलल्याशिवाय मिळत नाही. आणि काकांचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट) काकांचाच, तो गाडीबरोबर येत नाही. पॉलिसी नावावर करताना फरक भरावा लागला तर चकित होऊ नका.

लेखाजोखा

कागदीघोडा, एक जोड. चौघं रोज जाणार आहेत, तर अनामित प्रवाशांसाठीचा वैयक्तिक अपघात विमा जोडून घ्या, थोड्या पैशांत होतो. आणि तिघांकडून येणारे पैसे ‘इंधनाचा वाटा’ एवढेच ठेवा. खाजगी पॉलिसीत भाड्याने वापर वगळलेला असतो. ग्रुपवर ‘या महिन्याचं गाडीभाडं’ असा मेसेज कुणी टाकू नका.

टवाळ_टाळकं

आणि जो वाटा द्यायला उशीर करेल त्याला तपासायला जास्तीच्या वह्या.

रानजाई

आज सकाळी गेले होते. बॉनेट गार. झाकण उघडलं, काही उडालं नाही. स्पॉट वेल्डचे खळगे मोजत बसले तेव्हा काकू चहा घेऊन आल्या आणि ‘काही सांडलंय का?’ विचारायला लागल्या. मॅग्नेट ओरखड्यावरसुद्धा पकडलं, म्हणजे ओरखडाच आहे, खाली काही नाही. टाकीची टेस्ट मात्र फेब्रुवारीत संपतेय. खड्ड्यात उजवीकडून खट आवाज येतो. आमच्या मिस्त्रींनी लिफ्टवर बघून दोन लोअर आर्मचे बुश आणि एक लिंक रॉड सांगितला, टायर दोन बदलावे लागतील म्हणाले. मिळून साडेबारा हजारांचा अंदाज.

काकांना यादी दाखवली. ते दोन बावीसवर आले. वर म्हणाले टेस्ट तेच करून देतात. आरसीवर बोजा नाही. विमा मार्चपर्यंत आहे.

आणि एचएसआरपी, म्हणजे ती सरकारी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, अजून बसवलेली नाही, ती कोणी करायची?

कागदीघोडा

दोन बावीसला घ्या. एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना ती प्लेट सक्तीची आहे, मुदत अनेकदा वाढवली गेली. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी. ट्रान्सफरचं काम अडायला नको म्हणून काकांच्या नावावर असतानाच बुक करून बसवून घ्या. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरूनच करा, फोनवर आलेल्या लिंकवरून नको. पैसे चेकने किंवा ऑनलाइन, रोख नको. दुसरी किल्ली मागून घ्या.

घाटवाट

आणि फेब्रुवारीची टेस्ट ‘करून देतो’ हे करारात लिहा. काका सज्जन असतील, पण फेब्रुवारी लांब आहे.

चहाबिस्कुट

अभिनंदन ताई. टायर बदलताना चारही बघा हो, पुढचे दोनच नको.

सातपुड्याचा_वारा

धागा फार उपयोगी. माझं बजेट एक ऐंशी, जळगावात, आणि ऑटोमॅटिकच पाहिजे कारण वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. २०१५ ची एएमटीवाली (क्लच आणि गिअर आपोआप बदलणारी) सेलेरियो बघितलीय, चढाला थांबली की थोडी मागे येते. हे नॉर्मल आहे का?

जुना_पाना

थोडी मागे येणं नॉर्मल, त्या गाडीला चढावर धरून ठेवायची सोय नाही, हँडब्रेक वापरायचा. पण पहिल्या-दुसऱ्यात धक्के मारत असेल तर क्लच आणि ॲक्चुएटर (क्लच-गिअर हलवणारा भाग) दोन्ही तपासायला हवेत, तो खर्च मोठा आहे. वेगळा धागा काढा आणि किलोमीटर, कितवा मालक, सर्व्हिस रेकॉर्ड सगळं टाका, तिथे बघू.